घंटी दवाखान्यात वाजली पाहिजे

हृदयविकाराच्या रुग्णाला रोज ठरल्या वेळी मोबाइलवर संदेश पाठवला की त्याची गोळी चुकणार नाही, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. खर्च नगण्य, माणसं लागत नाहीत आणि मोबाइल तर आता गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरचीकडच्या डोंगरातल्या टोल्यांवरही पोचला आहे. शेजारच्या कुरखेड्यासारख्या तालुक्यात, जिथे हृदयरोगतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकांना नागपूरची वाट धरावी लागते, तिथे तर हा उपाय वरदानच वाटावा. मला तो अर्धाच बरोबर वाटतो. आठवण करून देण्याची गरज आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्याला आपण आठवण करून द्यायला निघालो आहोत, त्या रुग्णाची गोळी इथे सहसा विसरल्यामुळे चुकत नाही. ती संपलेली असते, सोसत नसते, कामाच्या आड येत असते किंवा तिची गरज कुणी समजावून सांगितलेली नसते. या चारही गोष्टी माहीत असायला हव्यात त्या दवाखान्याला. म्हणून मोबाइलची घंटी आधी तिथे वाजली पाहिजे.

हा प्रश्न शहरी, सुखवस्तू माणसांचा आहे, असा समज अजून पुरता गेलेला नाही. गडचिरोलीचं नाव निघालं की मलेरिया, कुपोषण, सर्पदंश आठवतात. पण ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी याच जिल्ह्यातल्या 86 गावांमध्ये 2011 ते 2013 या काळातल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा सर्वांत वर लकवा निघाला. दर सात मृत्यूंमागे एक. लकव्याचं सर्वांत मोठं टाळता येण्याजोगं कारण वाढलेला रक्तदाब, आणि हृदयविकाराच्या मुळाशीही तोच. म्हणजे जंगलातल्या, अंगमेहनत करणाऱ्या, धान पिकवणाऱ्या माणसाचा जीव आता त्याच आजारांनी जातो आहे, ज्यांना थोपवणाऱ्या गोळ्या काही रुपयांत मिळतात. गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, खात्रीची आहे. अडचण आहे ती तिला रोज माणसाच्या पोटात पोचवण्याची.

या तालुक्यातले हृदयाचे रुग्ण एकसारखे नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवं. एक आहे रक्तदाबवाला, ज्याला काहीच दुखत नाही. दुसरा आहे झटका येऊन नागपूरला स्टेंट बसवून आलेला. त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून झाला, पण डिस्चार्जच्या वेळी हातात दिलेल्या गोळ्या सरल्या की तो एकटा पडतो. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल पहिल्या काही महिन्यांत अचानक थांबवली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. तिसरी आहे लहानपणच्या सांधेतापाने झडप खराब झालेली मुलगी. तिला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. यांत्रिक कृत्रिम झडप बसवली असेल तर ॲसिट्रॉमसारखी गोळी जन्मभर लागते आणि रक्त किती पातळ झालं हे वारंवार तपासावं लागतं. कमी झालं तर झडपेवर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. ‘गोळी घ्या’ हा एकच संदेश या तिघांना पाठवणं म्हणजे तिघांपैकी कुणाचीच नीट चौकशी न करणं.

या भागातल्या घरांत रुग्णाची औषधं बहुधा एका कॅरीबॅगमध्ये खुंटीला टांगलेली असतात. अशी एक पिशवी उघडून पाहिली की जे दिसतं ते कुठल्याही अहवालात नसतं. घडीवर फाटत आलेली चिठ्ठी. तिच्यावर पाच औषधं. दोन पट्ट्या, ज्यांचं नाव असलेलं टोक दुकानदाराने कापून दिल्यामुळे गोळी कोणती ते कळायला मार्ग नाही. रक्तदाबाची पट्टी रिकामी, तिच्या शेजारी कोलेस्टेरॉलची पट्टी जवळजवळ भरलेली. अंगदुखीची एक गोळी, जी चिठ्ठीत नाही पण रोज घेतली जाते, कारण तिचा गुण अर्ध्या तासात कळतो. आणि ज्या मोबाइलवर आठवण यायची तो मुलाच्या खिशात, मुलगा कामाला बाहेरगावी. ही पिशवी निष्काळजी माणसाची नाही. तिच्यातल्या प्रत्येक गोळीमागे त्या माणसाने आपल्यापरीने केलेला विचार आहे. तो विचार कुणी विचारत नाही, एवढंच.

लघवीची गोळी हे त्याचं उत्तम उदाहरण. हृदय अशक्त झालं की अंगावर पाणी साचतं, पाय सुजतात, धाप लागते. ते पाणी काढायला लॅसिक्ससारखी गोळी सकाळी घ्यायला सांगतात. ती घेतल्यावर पुढचे काही तास वारंवार लघवीला जावं लागतं. आता रोवणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. बाई सकाळपासून बांधीत, गुडघाभर चिखलात वाकलेली, बाजूला दहा-पंधरा जण, आडोसा नाही. ती गोळी टाळते. तिला विस्मरण झालेलं नाही, तिने लाज आणि धाप यांतून निवड केली आहे. मोबाइलने तिला सकाळी आठला कितीही बजावलं तरी त्या निवडीत फरक पडणार नाही. डॉक्टरांनी विचारून गोळीची वेळ कामावरून परतल्यानंतरची करून दिली, तर पडेल. त्यासाठी रोवणी म्हणजे काय ते दवाखान्याला ठाऊक हवं आणि तिला ते सांगण्याइतका धीर हवा.

खोकल्याचंही तसंच. एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, न थांबणारा खोकला लागतो. औषधाचा तो माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि औषध बदललं की जातो. पण जिथे क्षयरोग घरोघरी ऐकलेला आहे तिथे महिनाभर खोकणाऱ्या माणसाकडे गाव कसं बघतं, हे सांगायला नको. तो माणूस गोळी सोडतो, खोकला थांबतो, आणि गोळीच वाईट होती हे त्याच्या मनात पक्कं होतं. त्याला रोज त्याच गोळीची आठवण करून देणारा संदेश त्याचा विश्वास वाढवणार की उरलासुरला घालवणार?

सर्वांत मोठं कारण मात्र बरं वाटणं हेच आहे. ‘आता बरा वाटते, मंग गोळी कायले खाऊ?’ हा प्रश्न इथे सर्रास ऐकू येतो आणि तो अडाणीपणाचा मुळीच नाही. तापाची गोळी ताप गेल्यावर थांबवायची, हे आपणच लोकांना शिकवलं. रक्तदाबाची गोळी बरं वाटत असताना घ्यायची, कारण ती घेतोय म्हणूनच बरं आहे, ही उलटी रीत. ती एका ओळीच्या संदेशाने गळी उतरत नाही. ज्याच्यावर भरवसा आहे अशा कुणीतरी समोर बसून, रक्तदाब मोजून, मागच्या महिन्याचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून दाखवावं लागतं.

मग वेळेचा प्रश्न. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसं पहाट फुटायच्या आत जंगलात जातात, दुपारी येऊन पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर पोचवतात. मोहफुलांच्या दिवसांतही पहाट झाडाखालीच होते. ‘नाश्त्यानंतर एक, रात्रीच्या जेवणानंतर एक’ हे वेळापत्रक या माणसांच्या दिवसात कुठे बसतं? मोबाइल सोबत असला तरी डोंगराआड रेंज नसते. रिचार्ज संपून काही दिवस उलटले की येणारे फोनही बंद होतात. आणि मोबाइल असतो कुणाकडे? 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता, आणि त्यांतल्याही 71 टक्क्यांनाच त्यावरचा मजकूर वाचता येत होता. ज्या आजीला गोळीची सर्वांत जास्त गरज, तिच्यापर्यंत हा संदेश नातवाच्या मर्जीने पोचणार. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या झडपेचा आजार घरातल्या चार जणांच्या हाती फिरणाऱ्या फोनवर झळकणं तिला परवडणारं आहे का, हेही विचारायला हवं.

एवढं म्हटल्यावर कुणी विचारेल की जगभर यावर अभ्यास झाले आहेत, ते काय सांगतात? ते फार शिकवणारे आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका मोठ्या रुग्णालयात हृदयरोगाच्या 710 रुग्णांवर झालेला प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. सहा महिने आठवड्याला चार संदेश मिळालेल्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल थोडं, आणि रक्तदाब बऱ्यापैकी कमी झाला, धूम्रपानही घटलं. साऱ्या जगाने त्या प्रयोगाचं कौतुक केलं. पुढे त्याच देशात अनेक रुग्णालयांतले 1,424 रुग्ण घेऊन मोठा प्रयोग झाला. 2022 साली त्याचे निष्कर्ष आले. औषधं नियमित घेण्यात काही फरक पडला नाही.

आपल्या देशातला प्रयोग तर थेट आपल्यासाठीच बोलतो. लकव्यातून उठलेल्या 4,298 रुग्णांना, 31 केंद्रांमधून, बारा भाषांत संदेश, चित्रफिती आणि एक पुस्तिका देऊन वर्षभर पाहिलं गेलं. संदेश मिळालेल्यांमध्ये औषधं नियमित घेणारे सुमारे 94 टक्के, न मिळालेल्यांमध्ये 90 टक्के. म्हणजे आठवणीने गोळ्या थोड्या वाढल्या. पण पुन्हा लकवा, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू यांत काहीच घट झाली नाही आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. याच्या शेजारी भारतातल्याच 14 रुग्णालयांचा, 2016 साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग ठेवा. झटक्यातून वाचलेल्या 806 रुग्णांपैकी अर्ध्यांना प्रशिक्षित आरोग्यसेवक रुग्णालयात भेटले, नंतर घरी गेले, वर्षभर सोबत राहिले. गोळ्या नियमित घेणारे त्यांच्यात 97 टक्के, उरलेल्यांत 92 टक्के, आणि सोबत रक्तदाब उतरला, तंबाखू कमी झाली. गोळ्यांचा आकडा दोन्हीकडे थोडाच वाढला. पण संदेशाने पुढचा लकवा किंवा झटका टळला नाही. घरी आलेल्या माणसाने मात्र गोळीच्या आजूबाजूचं जगणंही हलवलं.

त्यातही हे सगळे रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचलेले होते. आपला खरा प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. मूळचे केरळचे हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालच्या ‘प्युअर’ अभ्यासाने 17 देशांत पाहिलं की ज्यांना आधीच हृदयविकार किंवा लकवा झालेला आहे त्यांच्यापैकी किती जण गरजेची औषधं घेतात. गरीब देशांत दहापैकी आठ जण त्यांतलं एकही औषध घेत नव्हते. ही दांडी रुग्णाची म्हणायची की औषधाची?

म्हणूनच रुग्णाला आठवण पाठवण्याच्या कल्पनेत एक नैतिक खोट आहे, असं मला वाटतं. संदेश पाठवला की यंत्रणेचं काम संपतं आणि चूक रुग्णाच्या पदरात पडते. ‘आम्ही तर रोज कळवत होतो, त्याने घेतली नाही.’ गोळी उपकेंद्रात नव्हती, बस बंद होती, नदीला पूर होता, मजुरी बुडवून तालुक्याला जाणं जमलं नाही, यातलं काहीच त्या नोंदीत येत नाही. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, हा चांगला निर्णय. पण गोळी मोफत असली तरी ती आणण्याचा दिवस मोफत नसतो. त्याची किंमत एक रोजी, बसचं भाडं, आणि पोचल्यावर ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकण्याची शक्यता.

दुसरी वाट आपल्याच देशाने फार पूर्वी दाखवली होती. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने 1959 साली सिद्ध केलं की झोपडपट्टीत, दाटीवाटीत राहणारा गरीब रुग्णही घरी राहून सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. अट एकच, औषध त्याच्यापर्यंत नेमाने पोचलं पाहिजे आणि तो आला नाही तर कुणीतरी त्याच्या दारात गेलं पाहिजे. गडचिरोलीने तर याहून पुढचं दाखवलं. ‘सर्च’चे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि त्यांच्या हातून नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि घरपोच नवजात सेवेचं धोरण त्यातून देशभर गेलं. खुद्द कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था 1984पासून काम करते आहे. तिच्या नावातच या लेखाचं अर्धं म्हणणं येऊन जातं. दाराशी जाणाऱ्या माणसाचं महत्त्व या जिल्ह्याला बाहेरून कुणी शिकवायला नको.

मग मोबाइलचं काम काय? आहे, आणि मोठं आहे. केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून 2017 साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात जे जिल्हे निवडले त्यांत आपल्या पूर्व विदर्भातले भंडारा आणि वर्धा होते. तिथे परिचारिकेच्या हातात एक साधं ॲप दिलं गेलं. रुग्ण आला की त्याचा रक्तदाब आणि दिलेल्या गोळ्या नोंदवायच्या. ठरलेल्या तारखेला जो आला नाही त्याचं नाव आपोआप यादीत वर येतं आणि परिचारिका त्याला फोन करते. इथे यंत्र दवाखान्याला सांगतं की तुमचा माणूस आलेला नाही, आणि मग माणूस माणसाशी बोलतो. ‘का आला नाहीत?’ या एका प्रश्नात खोकला, लघवीची गोळी, रोवणी, संपलेला साठा, सगळं बाहेर येऊ शकतं. त्या उपक्रमात औषधांचा एकच सोपा क्रम ठरवला होता, महिन्याभराच्या गोळ्या एकदम दिल्या जात होत्या आणि सेवा गावाजवळच्या केंद्रात आणली होती. या तीन गोष्टींशिवाय चौथी, म्हणजे ती यादी, निरुपयोगी ठरली असती.

थेट रुग्णाला जाणारी आठवण काही ठिकाणी हवीच. एकवीस दिवसांचं इंजेक्शन, रक्ताची तपासणी, पुढची गोळी घ्यायला यायची तारीख, या गोष्टी रोजच्या सवयीत बसत नाहीत आणि खरोखर विसरल्या जातात. तिथे फोन यावा. पण तो लिहिलेला नको, बोललेला असावा, झाडीबोलीत, गोंडीत, कोरचीकडे छत्तीसगढीत. मुंबईत ‘अरमान’ संस्थेने गर्भवतींसाठी चालवलेल्या ‘एममित्र’ उपक्रमात बाई स्वतः सांगेल त्या वेळी तिच्या भाषेत आवाजी संदेश जात असत. तोच नियम इथे लागू व्हावा. वेळ रुग्णाची, भाषा रुग्णाची, आणि नको म्हणायचा हक्कही रुग्णाचा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, आशा ताई आधीच वाकल्या आहेत, त्यांच्या माथी आणखी एक काम कशाला? आक्षेप खरा आहे. मानधनासाठी त्यांना 2023 आणि 2024 साली संपावर जावं लागलं. म्हणून हे काम ‘सेवाभावा’वर सोडायचं नाही, त्याला स्वतंत्र मोबदला हवा आणि निर्णय घ्यायला उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी पाठीशी हवा. दुसरा आक्षेप खर्चाचा. संदेश पैशांत जातो, माणूस रुपयांत जातो. पण लकव्याने अंथरुणाला खिळलेला कमावता बाप, त्याच्यासाठी शाळा सोडलेली मुलगी आणि विकलेली बांधी हाही खर्चच आहे. तो सरकारच्या वहीत दिसत नाही, घराच्या वहीत दिसतो. जो संदेश लकवा टाळत नाही तो कितीही स्वस्त असला तरी महागच.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंच उद्या सुरू करता येईल. पावसाळ्यात रस्ते तुटणाऱ्या गावांना रेशनचं धान्य आगाऊ पोचवण्याची पद्धत या जिल्ह्यात आहे. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्याच न्यायाने मृगाआधी तीन महिन्यांच्या एकदम द्याव्यात. पाच गोळ्यांच्या जागी जमेल तिथे एकत्रित गोळी द्यावी. भारतात आणि युरोपात झालेल्या प्रयोगात एकत्रित गोळी मिळालेल्यांपैकी 86 टक्के जण औषध नियमित घेत राहिले, वेगवेगळ्या गोळ्यांवर 65 टक्केच. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली अशी गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली आहे. नागपूरहून स्टेंट किंवा झडप बसवून परतणाऱ्या प्रत्येक रुग्णाची माहिती, त्याच्या संमतीने, डिस्चार्जच्या दिवशीच कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयाला आणि त्याच्या उपकेंद्राला कळावी. पहिली पट्टी संपायच्या आत दुसरी त्याच्या गावाजवळ आलेली असावी. आणि न आलेल्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे कारण लिहिण्याची जागा असावी, जी महिन्याच्या बैठकीत वाचली जाईल.

यात गावालाही काम आहे. कुरखेडा-कोरचीच्या ग्रामसभांनी वनहक्क मिळवले, अनेक ठिकाणी तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला, हिशेब सगळ्यांसमोर मांडायची सवय लावली. त्याच ग्रामसभेने दर तीन महिन्यांनी उपकेंद्राला विचारावं की रक्तदाबाच्या गोळ्या किती आल्या, किती दिवस संपलेल्या होत्या, किती रुग्ण आले नाहीत आणि त्यांच्यापर्यंत कोण गेलं. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, साठ्याचा हिशेब मागायचा. जंगलाचा हिशेब मागायला जे गाव शिकलं, ते गोळ्यांचाही मागू शकतं. हा प्रश्न दवाखान्याला नियमित विचारला जाऊ लागला की मग रुग्णाच्या फोनवर कुणी काय पाठवायचं ते खुशाल ठरवावं. त्याआधी पाठवलेली आठवण ही आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं आहे, आणि ते आपण करू नये.